बाईंनीच घ्यायचा खेळाचा तास

वरसोलीपासून रेवदंड्यापर्यंत, अलिबागच्या आसपासच्या बहुतेक गावांत कबड्डीचं मंडळ असतं. रायगड जिल्ह्याचं कबड्डीचं वेड जुनं आहे. संध्याकाळी देवळाजवळच्या मोकळ्या जागेत मोठी पोरं सराव करतात आणि कडेला सहा-सात वर्षांची मुलं मांडीवर थाप मारत त्यांची नक्कल करतात. त्यामुळे प्राथमिक शाळेतल्या शारीरिक शिक्षणाचा विषय निघाला की गावात उत्तर तयार असतं: आमची मुलं दिवसभर हुंदडतात, त्यांना शाळेत आणखी काय खेळवायचं?

हे उत्तर काही मुलांपुरतं खरं आहे. ज्याचा मोठा भाऊ मंडळात खेळतो, तो बघून बघून शिकतो. पण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी मुलगी, अंगाने जड असलेला मुलगा, चेंडू आला की डोळे मिटून घेणारं मूल, यांना कोणी खेळात घेत नाही आणि खेळायला न मिळाल्याने त्यांना काही येत नाही. तिसरी-चौथीत येईपर्यंत अशी मुलं मैदानाच्या कडेला बसून इतरांच्या चपला सांभाळायला लागतात. शाळेतला खेळाचा तास सर्वांत जास्त हवा असतो तो यांना.

तो घेणार कोण, हा खरा प्रश्न. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट वाचलं तर उत्तर स्पष्ट दिसतं. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, तीही तिथला पट शंभरावर असेल तर. मैदान प्रत्येक शाळेला हवं आणि खेळाचं साहित्य प्रत्येक वर्गाला हवं, असं कायदा सांगतो. लहान मुलांना ते साहित्य हातात देणारी व्यक्ती मात्र वर्गशिक्षकच. अलिबाग तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत मराठी, गणित, परिसर अभ्यास, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती हे सगळं ज्या बाई किंवा गुरुजी करतात, तेच खेळाचा तास घेतात. त्यात एका खोलीत दोन-तीन इयत्ता एकत्र. क्रीडाशिक्षक येईल तेव्हा बघू, असं म्हणत बसलो तर पहिलीतलं मूल पाचवी पास होऊन जाईल.

शारीरिक शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात कमी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करण्यासाठी मुंबई सरकारने कांदिवलीला प्रशिक्षण संस्था काढली ती १९३८ साली. या परंपरेची नजर प्रामुख्याने तरुणांवर आणि हायस्कुलातल्या मुलांवर राहिली. आखाडा, कवायत, सांघिक खेळ, स्पर्धा. सहा वर्षांच्या मुलाला त्यात फारशी जागा नव्हती, आणि अजूनही खेळ म्हटलं की प्राथमिक शाळेच्या डोळ्यांसमोर केंद्रस्तर, तालुकास्तर, जिल्हास्तर अशा स्पर्धांची उतरंड येते. स्पर्धा जवळ आल्या की दहा-बारा चपळ मुलं निवडायची आणि त्यांचा सराव घ्यायचा. उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो. स्पर्धांना माझा विरोध नाही. वर्षभराच्या शारीरिक शिक्षणाची जागा स्पर्धांनी घेतली आहे, याला आहे.

वर्गशिक्षकाने खेळाचा तास घेणं म्हणजे नाइलाजाची व्यवस्था, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत सॅन दिएगोजवळच्या सात प्राथमिक शाळांमध्ये झालेल्या ‘स्पार्क’ नावाच्या प्रयोगाने हे गृहीतक तपासून पाहिलं. काही शाळांत शारीरिक शिक्षणाचे खास शिक्षक नेमले, काहींत वर्गशिक्षकांना प्रशिक्षण दिलं, काहींत नेहमीचंच चालू ठेवलं. दोन वर्षांचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. खेळाच्या तासांत मुलं खरोखर दमदार हालचाल करत होती तो वेळ मोजला, तेव्हा खास शिक्षकांकडे आठवड्याला ४० मिनिटं भरली, प्रशिक्षित वर्गशिक्षकांकडे ३३ आणि नेहमीच्या वर्गांत १८. खास शिक्षक पुढे राहिला, यात आश्चर्य नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो १८ आणि ३३ मधला फरक. माणसं वर्गशिक्षकच होती. त्यांना काय करायचं ते शिकवलं आणि शाळेत जाऊन मदत केली, एवढ्याने मुलांच्या हालचालीचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला.

मग त्यांना शिकवायचं काय? पहिल्यांदा, लहान मूल मुळात हलतं कसं, हे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या हालचाली सेकंदांच्या हिशेबाने नोंदल्या होत्या. जोरदार हालचालीचा एक झपाटा साधारण तीन सेकंदांचा निघाला आणि असे ९५ टक्के झपाटे पंधरा सेकंदांच्या आत संपत होते. धाव, थांब, बघ, पुन्हा धाव, असा लहान मुलाच्या शरीराचा ताल असतो. म्हणूनच पहिलीच्या मुलांना मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या की ती कंटाळतात, दमतात आणि धावण्याचा तिटकारा घेऊन घरी जातात. त्याच मुलांना शिवाशिवी दिली तर ती अर्धा तास पळतात. शिवाशिवीत त्यांचा ताल सांभाळला जातो.

दुसरं, या वयात शिकवायच्या गोष्टी खेळांच्या आधीच्या असतात. धावणं, उडी मारणं, एका पायावर लंगडणं, दिशा बदलणं. तोल सांभाळणं, वाकणं, वळणं, नीट उतरणं. फेकणं, झेलणं, पायाने मारणं, टप्पा देणं. पुढचे कबड्डी, खो-खो, क्रिकेट, पोहणं हे सगळे यांवर उभे राहतात. वय वाढलं की हे आपोआप येतं, असं वाटतं. त्याचं कच्चं रूप येतंही. पक्कं रूप मात्र सराव आणि शिकवण्याशिवाय येत नाही. अक्षर आपोआप सुधारेल म्हणून आपण मुलाच्या हाती नुसती पेन्सिल देऊन निघून जात नाही, तसंच इथे. सरकारी मोजमापालाही हे उमगलेलं आहे: खेलो इंडियाच्या चाचण्यांमध्ये पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी उंची-वजनाच्या जोडीला एका पायावरचा तोल आणि हाताचा समन्वय एवढंच पाहतात. धावण्याची शर्यत त्या यादीत नाही.

फेकण्याचंच उदाहरण जरा तपशिलात पाहू, कारण बाईंना काय दिसायला हवं ते यात चांगलं कळतं. पहिलीतलं मूल चेंडू फेकताना बहुधा समोर तोंड करून उभं राहतं, कोपरातून हात पुढे ढकलतं आणि पाय हलवतच नाही. थोडं पुढे गेलेलं मूल पाय टाकतं, पण ज्या हाताने फेकतं त्याच बाजूचा. पक्क्या फेकीत शरीर आडवं वळतं, हात मागे जातो, विरुद्ध पाय पुढे पडतो आणि कंबर आधी फिरून हात मागाहून येतो. ही तीन चित्रं एकदा डोळ्यांत बसली की तीस मुलांच्या घोळक्यातही कोण कुठे आहे ते पटकन दिसायला लागतं. सांगायचं एका वेळी एकच. ‘आडवं उभं राहा’ एवढंच आज. ‘दुसरा पाय पुढे’ पुढच्या तासाला. सूचना तीन-चार शब्दांच्या वर गेली की मूल ऐकत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक प्रशिक्षणांत निसटते. आपण मुलांना नेम धरायला सांगतो: दोन पावलांवर बादली ठेवायची आणि चेंडू आत टाकायचा. जवळचा नेम साधायला शरीर वळवावं लागत नाही, म्हणून मूल पुन्हा कच्चीच फेक करतं आणि तीच अंगवळणी पडते. त्याऐवजी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीपासून चांगलं लांब उभं करायचं आणि सांगायचं, जोरात, भिंतीचा आवाज आला पाहिजे. जोर काढायचा म्हटलं की शरीर आपसूक वळतं, पाय पुढे येतो. नेम मागाहून. मुली मुलांपेक्षा कमी लांब फेकतात, हे पाहून अनेकजण त्याला निसर्ग समजतात. मुलींच्या हाती चेंडू किती वेळा येतो, हे आधी मोजावं.

तिसरं, वेळेचा हिशेब. मामाचं पत्र हरवलं हा खेळ सगळ्या शाळांत खेळतात आणि मुलांना तो फार आवडतो. तीस मुलांचा एक गोल, एक फेरी वीस सेकंदांची, दर फेरीत पळणारे दोघे. वीस मिनिटांत साठ फेऱ्या. म्हणजे प्रत्येक मुलाला चार वेळा पळायला मिळालं, एकूण ८० सेकंद. बाकी वेळ मांडी घालून बसणं. तोच खेळ सहा-सहा मुलांच्या पाच गोलांत लावला तर त्याच वीस मिनिटांत प्रत्येकाचं पळणं पाचपट होतं. साहित्य तेच, बाई त्याच, चार रुमाल तेवढे जास्त.

बाद होण्याच्या खेळांचंही हेच आहे. लंगडीत जो आधी बाद होतो त्यालाच लंगडी घालायचा सराव सर्वांत जास्त हवा असतो, आणि तोच बाहेर जाऊन बसतो. नियम थोडा वाकवावा: बाद झालेल्या मुलाने रेषेबाहेर जाऊन डाव्या पायावर पाच, उजव्या पायावर पाच उड्या घ्यायच्या आणि परत यायचं. दोन्ही पायांचा आग्रह हवाच. एरवी मुलं कायम सोयीच्या पायानेच लंगडतात. विषामृत, साखळी, डोंगर-पाणी, तळ्यात-मळ्यात, लगोरी, जिबली या आपल्या खेळांमध्ये थांबणं, वळणं, उतरणं, नेम हे सगळं भरलेलं आहे. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकातही उपक्रमांची उणीव नाही. उणीव आहे ती, आजच्या खेळातून मुलाने नेमकं काय शिकावं हे ठरवून तो खेळ लावण्याची.

आता बाईंच्या मनातल्या अडचणींकडे येऊ, कारण प्रशिक्षणात त्या बोलल्याच जात नाहीत. प्राथमिक शाळांत शिक्षिका मोठ्या संख्येने आहेत; कित्येकींना स्वतःच्या शाळेत कधी नीट खेळायला मिळालेलं नाही. साडी नेसून उडी मारून कशी दाखवायची, शिट्टी कशी वाजवायची, कोणाला लागलं तर पालकांना काय सांगायचं, मुलं मैदानावर गेली की हाताबाहेर जातात त्याचं काय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: बाईंनी उडी मारून दाखवण्याची गरज नाही. ज्या मुलाला ती जमते त्याला पुढे बोलवावं, आणि काय बघायचं ते बाईंनी सांगावं, ‘हिचे गुडघे बघा, उतरताना वाकले’. बघणं आणि सांगणं हे तर त्यांचं रोजचंच काम. शिस्तीसाठी पहिले दोन आठवडे एकाच गोष्टीला द्यावेत: टाळीची ठरलेली खूण झाली की जिथे असाल तिथे थांबायचं, हातातली वस्तू खाली. हाच खेळ म्हणून खेळला की मुलं आनंदाने शिकतात. फक्कीने आखलेली हद्द, मैदानावरचे दगड-काचा आधी वेचणं, दोन गटांत मोकळी जागा, एवढ्याने बरीचशी लागालाग टळते.

साहित्याची तक्रार खरी आहे, तरी ती तास बुडवण्याइतकी मोठी नाही. एका वर्गाला एक फुटबॉल मिळाला तर एकोणतीस मुलं बघत बसणार. त्यापेक्षा जुन्या कापडाचे तीस चिंधी-चेंडू, चिंचोके भरलेल्या लहान पिशव्या, वाळू भरलेल्या बाटल्या, काथ्याच्या दोऱ्या, झावळीच्या काड्या, नारळाच्या करवंट्या. कापडी चेंडू लागत नाही, लांब घरंगळत जात नाही, आणि चेंडूला घाबरणारं मूलही तो झेलायला हात पुढे करतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं ते आजूबाजूच्या फुला-पानांवर, बियांवर, दगडा-शिंपल्यांवर. महागड्या साधनांची वाट त्यांनी पाहिली नाही. बोर्डीही समुद्रकाठचंच गाव.

समुद्राचं म्हणायचं तर अलिबागच्या किनाऱ्यालगतच्या शाळांना निसर्गाने मोठं मैदान दिलं आहे, फक्त ते दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. ओहोटीची ओली, दाबलेली वाळू धावण्या-उडण्यासाठी उत्तम: पडलं तरी लागत नाही आणि पावलांचे ठसे उमटतात, त्यामुळे उडी किती लांब गेली, दोन्ही पाय एकत्र उतरले का, हे मुलाला स्वतःलाच दिसतं. वेळ साधायला कोळ्यांचा हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमाराला, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी पावणेदहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. दोन्ही पंधरवड्यांतली चतुर्थी-पंचमी शाळेच्या सकाळला सोयीची. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते. त्यात भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असल्याने पाणी फार मागे जात नाही, आणि त्या उन्हात मुलांना नेऊही नये. किनाऱ्यावर जायचं तर हिवाळ्यात, पालकांना कळवून, पर्यटकांच्या गाड्या आणि घोडागाड्यांपासून दूर, दोन मोठी माणसं कायम पाण्याच्या बाजूला उभी ठेवून. पाण्यात पाऊल टाकायचं नाही. एवढी माणसं जमत नसतील तर शाळेचं अंगणच बरं.

पावसाळ्याचं गणित वेगळं. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मैदानात तळं साचतं आणि खेळाचा तास गणिताला जातो, तो कायमचा. खरं तर तोल शिकवायला व्हरांडा पुरेसा आहे. फरशीच्या रेषेवरून चिंचोक्याची पिशवी डोक्यावर ठेवून चालणं, एका पायावर उभं राहून डोळे मिटणं, आवाज न करता उतरणं, दोरीवरून आडव्या उड्या, फुगडी, बेडूकउडी, खेकड्यासारखं आडवं चालणं. अलीकडे संख्यारेषेवर उड्या मारून बेरीज शिकवतात, चांगलंच आहे. त्यात उडी नीट झाली का हे कोणी पाहत नसेल तर तो गणिताचा तास झाला, एवढं लक्षात ठेवावं.

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटांची मध्यम ते दमदार हालचाल सांगते. शाळेच्या तासात ती पुरी होणार नाही. पण नीट फेकता, झेलता, लंगडता येणारं मूल संध्याकाळी गल्लीतल्या खेळात घेतलं जातं, आणि तिथे ती मिनिटं भरतात.

मूल्यमापनाची यंत्रणाही हाताशी आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात बहुतेकदा ‘खेळात आवडीने भाग घेतो’ असं वाक्य सापडतं, वर्गातल्या सगळ्यांसाठी तेच. रोज पाचच मुलांकडे लक्ष द्यायचं ठरवलं तर तीस मुलांचा वर्ग सहा तासांत पाहून होतो. मग नोंद अशी येते: ‘डाव्या पायावर तीन उड्यांनंतर तोल जातो’, ‘फेकताना विरुद्ध पाय पुढे टाकू लागली’. पालकसभेत अशी ओळ वाचून दाखवली तर आईबापांनाही कळतं की इथे काहीतरी शिकवलं जातंय. कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाबद्दलही अशी नोंद करता येते. त्याची फेक, त्याचा झेल, बसून दिलेला टप्पा, हे सगळं शिकवण्याजोगं आणि नोंदवण्याजोगं आहे.

हे सगळं बाईंपर्यंत पोचवायचं कसं? उन्हाळ्यात एका दिवशी सभागृहात शंभर शिक्षक बसवून पडद्यावर चित्रं दाखवली, तर ती दुसऱ्या दिवशी पुसली जातात. इंग्लंडमध्ये २०१३ पासून प्राथमिक शाळांना शारीरिक शिक्षणासाठी सरकार स्वतंत्र पैसे देतं. त्यातून अनेक शाळांनी बाहेरचे प्रशिक्षक आणले, आणि प्रशिक्षक तास घेत असताना वर्गशिक्षक बाजूला राहतो ही काळजी तिथे वारंवार व्यक्त झाली. पैसे शिक्षकांचं कौशल्य वाढवायला वापरा, असं तिथल्या मार्गदर्शक सूचनांना सांगावं लागतं. आपल्याकडे कोणी संस्था किंवा कंपनी शाळेत प्रशिक्षक पाठवायला पुढे आली तर मुख्याध्यापकांनी एक अट घालावी: तास चालू असताना वर्गशिक्षक मैदानावर हजर असेल आणि दर दोन तासांनंतर तिसरा तास स्वतः घेईल.

आपली स्वतःची रचना याहून सोयीची आहे. केंद्रप्रमुखाच्या हाताखाली जवळजवळच्या शाळांचं केंद्र असतं आणि केंद्राची शिक्षण परिषद भरते. तिच्यात भाषणांऐवजी खऱ्या मुलांवर एक खेळाचा तास व्हावा. जवळच्या हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकाने तो पहिल्यांदा घ्यावा, पुढच्या वेळी केंद्रातल्या एखाद्या बाईंनी, आणि बाकीच्यांनी हातात घड्याळ धरून एकेका मुलाकडे बघावं: हा किती मिनिटं हलला, किती वेळ रांगेत उभा राहिला. पनवेलच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने वर्षाचे आठ-दहा विषय ठरवून द्यावेत, एका परिषदेला एक हालचाल. कबड्डी मंडळातल्या जाणत्या खेळाडूंनाही बोलवावं. पकडीपेक्षा सुरक्षित पडणं आणि झटकन वळणं लहान मुलांना कसं दाखवायचं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला येत नाही.

विषयांचा क्रम इथल्या हवेने ठरवावा. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात तेव्हा बाहेर चिखल असतो, म्हणून आधी व्हरांड्यातला तोल आणि उतरणं. गणपतीनंतर पाऊस ओसरला की लंगडी आणि दिशा बदलणं, तेही सकाळच्या पहिल्या तासाला, कारण ऑक्टोबरची उकाड्याची दुपार लहान मुलांना सोसत नाही. फेकणं आणि झेलणं दिवाळीनंतर, कुंपणाच्या भिंती सुकल्यावर आणि कापडी चेंडू सहामाही सुट्टीत शिवून झाल्यावर.